अळणी

हे गाव मिठावर उभं आहे, म्हणजे अक्षरशः:
खालचं मीठ उपसून नेलं दीडशे वर्षं
आणि वरची दुकानं एकेका पायरीनं खचत गेली.
मिस्टर ऑल्डरसी हे सांगताना
हाताचा पंजा सपाट धरून हळूहळू खाली आणतात,
जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावर ठेवायचाय.

चेशायरमधलं दोन खोल्यांचं संग्रहालय. त्यांना पोस्टर हवं होतं.
ए-टू आकार, दोन रंग, सोबत तीन घड्यांचं पत्रक.
पैसे छपाईपुरते. चहा त्यांच्याकडून.
माझ्या वर्गात दुसऱ्या वर्षाची पाच पोरं.

पहिल्या आठवड्यात पाचांतल्या चौघांनी मीठदाणी काढली.
एक उभी, एक तिरकी,
एकीच्या भोकांतून गावाचं नाव सांडत होतं.
नीट होतं सगळं. ग्रिड नीट, अंतरं नीट.
मी कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं : अळणी.
लिहून झाल्यावर कळलं, देवनागरीत लिहिलंय.

"हे काय, मिस?" कीलीनं विचारलं.
ज्यात मीठ घालायचं राहून गेलं, ते.
तुमच्याकडे शब्द आहे, पण तो लोण्याच्या पाकिटावर असतो,
माणसाला लावत नाही, गप्पांना, लग्नाला.
तेव्हापासून तो स्टुडिओत फिरतो.
"आल्नी," म्हणते कीली टोमाशच्या लोगोकडे बघून.
कँटीनच्या सूपला. शनिवारच्या मॅचला.
या देशात माझी एवढीच निर्यात.

हफ्सा फारशी बोलत नाही.
तिनं ऑल्डरसींकडून बाटलीभर मिठवणी आणली,
काळ्या पुठ्ठ्यावर ब्रशनं चार अक्षरं काढली, सॉल्ट,
दिसत काहीच नव्हतं, नुसती ओल,
आणि पुठ्ठा रेडिएटरला टेकवून ती घरी गेली.

मला मीठ माहीत होतं ते उन्हात पिकणारं, उरणकडचं,
गुडघाभर पांढऱ्या राशी, डोळे दिपवणाऱ्या.
असं रातोरात अक्षरातून उगवताना पाहिलं नव्हतं.
कडा धारदार, 'ए'चं पोट पोकळ,
'टी'चा आडवा हात हवा त्याहून लांब गेलेला.
बोट फिरवलं तर खरखर.
कुणीच आल्नी म्हणालं नाही.

स्कॅनरला ते जमलं नाही.
काचेवर चुरा पडला, पांढरं राखाडी झालं, उंची गेली.
छापून आलं ते बरं होतं.
बरंच होतं.
खरं पोस्टर आम्ही दारात लावलं, एकुलतं एक.

उद्घाटनाला माणसं आली तेवीस, त्यांतली नऊ कीलीच्या घरची.
ऑल्डरसी पोस्टरसमोर टोपी हातात घेऊन उभे राहिले.
म्हणाले, वडील कढईवर होते, रात्रपाळीला.
आच वाढली की दाणा बारीक पडतो, मग पगार कापतात,
म्हणून डोळा लावायचा नाही.
मी म्हटलं, आमच्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात.
अर्थ सांगायला गेले तर हाताला 'लॉयल' लागला,
तो परत ठेवून दिला.
"जागतात म्हणजे? झोपत नाहीत?"
मी हो म्हटलं.
चुकलं नसावं.

दार सारखं उघडत होतं, बाहेर भुरभुर.
तीनच्या सुमाराला 'एस'ला घाम फुटला.
मग 'टी'च्या हातावरून एक थेंब, मग दुसरा,
कीलीची मावशी म्हणाली, अगं, हे रडतंय.
कुणी फोटो काढले. टोमाश पुठ्ठा उतरवायला धावला.
हफ्सानं त्याला थांबवलं
आणि खाली आइस्क्रीमचा रिकामा डबा सरकवला.
"हेच पाणी गोळा करून सोमवारी पुन्हा लिहीन," म्हणाली.
या सत्रातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य.